आईजवळ 'सिस्टर' पाठवणाऱ्या ब्यूरोला परवाना कोण देतं?

मोगरा_कळी । ३ ऑगस्ट, रात्री ११.२०

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज आई जरा शांत झोपलीय म्हणून बसले.

आई ७८ वर्षांची. मे महिन्यात पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, गिळणंही गेलं. घरी आणलं तेव्हा नाकात नळी होती. आम्ही दोघं नोकरीवाले, भाऊ बंगळुरूला. डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डबॉयनेच एका ब्यूरोचं कार्ड हातात ठेवलं. फोन केला तर दोन तासांत माणूस हजर. "२४ तासांची सिस्टर, महिना २४ हजार, १५ दिवसांचे आगाऊ, रजिस्ट्रेशनचे २ हजार वेगळे." त्या वेळी कुणी ४० मागितले असते तरी दिले असते.

सिस्टर म्हणजे पंचविशीतली मुलगी. पांढरा ॲप्रन, बोलायला गोड, आईचे केस इतके छान विंचरायची की मी निर्धास्त झाले. नवव्या दिवशी ऑफिसातून लवकर आले तर आई सपाट झोपलेली आणि ही सिरिंजने नळीतून पेज सोडतेय. आईला ठसका लागलेला. "होतं असं कधीकधी" म्हणाली. दोन दिवसांनी ताप चढला, परत दवाखाना, सहा दिवस. पेज फुप्फुसात गेली होती.

घरी आल्यावर त्या मुलीला विचारलं, कुठे शिकलीस? ती रडायलाच लागली. अडीच महिन्यांपूर्वी ती कपड्यांच्या दुकानात होती. ब्यूरोने एक दिवस बसवून बीपीचं मशीन लावायला आणि डायपर बदलायला शिकवलं आणि ॲप्रन दिला. ॲप्रनचे पैसेही कापून घेतले. मालकांना फोन केला तर म्हणतात, "मॅडम, आम्ही फक्त माणूस पुरवतो. ट्रीटमेंट तुमच्या डॉक्टरांची."

तक्रार कुठे करायची म्हणून दोन ऑफिसं हिंडले. एकीकडे सांगितलं, आमच्याकडे नर्सिंग होमची नोंद होते, घरी येणाऱ्या माणसांची नाही. दुसरीकडे म्हणाले, दुकानाची नोंदणी असेल तर बघा.

परवा सोसायटीच्या ऑफिसात मेंटेनन्स भरायला गेले होते. वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीचा सरकारी परवाना तिथे फ्रेम करून लावलाय, नंबर आणि मुदतीसकट. गेटवर काठी घेऊन बसणाऱ्याच्या एजन्सीला परवाना लागतो. माझ्या आईच्या नाकातल्या नळीला हात लावणारी मुलगी जिथून येते त्या ब्यूरोला नेमकं काय लागतं? माहीतगारांनी सांगा.

उगाच_एक । ३ ऑगस्ट, रात्री ११.४८

मोबाइल आणि व्हिजिटिंग कार्ड.

(चेष्टा नाही. आमच्या आजोबांच्या वेळी ब्यूरोचा पत्ता शोधत गेलो तर खाली झेरॉक्सचं दुकान निघालं. मालक तोच.)

मोरपीस । ४ ऑगस्ट, सकाळी ७.०५

काळजी घ्या ताई. आईंना आता कसं आहे? वाचतेय.

कलम_दर_कलम । ४ ऑगस्ट, सकाळी १०.३२

मोगरा_कळी, तुम्हाला दोन्ही ऑफिसांत मिळालेलं उत्तर दुर्दैवाने बरोबर आहे.

आपल्याकडे खासगी दवाखान्यांची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली होते. आधी नावात 'मुंबई' होतं, आता 'महाराष्ट्र' आहे. त्या कायद्याला नर्सिंग होम म्हणजे जागा अपेक्षित आहे: आजारी माणसाला जिथे ठेवून घेतात आणि शुश्रूषा करतात अशी वास्तू. २०२१ च्या जानेवारीत नियम सुधारले, रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं बंधनकारक झालं. पण ते लावायचं दवाखान्याच्या भिंतीवर. ब्यूरोकडे खाट नाही, पेशंट नाही. खाट तुमच्या घरात. म्हणून ब्यूरो त्या व्याख्येत बसतच नाही.

केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा आहे, त्याची व्याख्या बरीच ऐसपैस आहे. पण तो ज्या राज्यांनी स्वीकारला तिथेच चालतो आणि महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही.

उरतो तो दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ चा. त्यात वीसपेक्षा कमी कामगार असतील (२०२५ च्या दुरुस्तीआधी दहापेक्षा कमी) तर नोंदणीसुद्धा नको, ऑनलाइन सूचना दिली की झालं. आणि ब्यूरो म्हणणार, मुली आमच्या कामगार नाहीतच, आम्ही मध्यस्थ! म्हणजे कागदावर ऑफिसात दोन माणसं. 'गव्हर्न्मेंट रजिस्टर्ड' अशी पाटी दिसली तर बहुतेक वेळा ती हीच पावती असते. वडापावच्या दुकानालाही तीच मिळते.

आता तुमचा वॉचमन. २००५ चा खासगी सुरक्षा एजन्सी कायदा. परवाना पाच वर्षांचा, विनापरवाना धंदा केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. केंद्राच्या नमुना नियमांत गार्डला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष कामाचं शिक्षण सांगितलंय. पोलिस पडताळणी आहेच.

तुमच्या आईसाठी आलेल्या मुलीला कायद्याने किती तास? शून्य.

पटलं_तर_घ्या । ४ ऑगस्ट, सकाळी ११.१५

१६० तास शिकलेला आमचा वॉचमन काल रात्री खुर्चीत घोरत होता, फोटो आहे माझ्याकडे. परवाना आणा, मग परवान्याचा दर ठरेल, मग इन्स्पेक्टरचा दर ठरेल, आणि शेवटी २४ हजारांची मावशी ३२ हजारांना मिळेल. शिकलेली नसेलच, वर 'परवानाधारक' असेल. १९४९ च्या कायद्याने नर्सिंग होमं सुधारली का?

वॉर्ड_नंबर_७ । ४ ऑगस्ट, दुपारी ३.४०

मी सरकारी रुग्णालयात ३१ वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. दोन गोष्टी बोलते, एक मोगरा_कळीसाठी आणि एक सगळ्यांसाठी.

बाळ, आधी आईचं. नळीतून काहीही देताना डोक्याकडची बाजू उंच हवी. अर्धवट बसल्यासारखं, निदान ३० ते ४५ अंश. दिल्यावरही अर्धा-पाऊण तास तसंच ठेवायचं, लगेच झोपवायचं नाही. देण्याआधी नळी जागेवर आहे का ते बघायचं. नाकाजवळ नळीवर खूण करून ठेव, ती पुढेमागे झालेली दिसली तर थांबायचं आणि फोन करायचा. दिल्यावर थोडं पाणी सोडून नळी धुवायची. सिरिंज दाबून ढकलायची नाही, आपोआप उतरू द्यायचं. ठसका लागला, श्वास लागला, ओठ निळसर दिसले तर तिथेच बंद. हे शिकायला नर्स व्हावं लागत नाही, पण कुणीतरी शिकवावं लागतं. डिस्चार्जच्या वेळी वॉर्डमधल्या सिस्टरकडून दोनदा करून घ्यायचं, हा तुझा हक्क आहे. घाईत राहून जातं.

आता सगळ्यांसाठी. 'सिस्टर' हा शब्द फार स्वस्त झालाय. नर्सिंगच्या अभ्यासक्रमांत एएनएम म्हणजे दोन वर्षं, जीएनएम तीन वर्षं, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षं. त्यानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी, १९६६ च्या नर्सेस कायद्याखाली. तिचा नंबर असतो आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. म्हणजे नर्सला कायदा आहे! नाही तो नर्स म्हणून कुणालाही पाठवणाऱ्याला.

ज्यांना आपण मावशी, आया, अटेंडंट म्हणतो त्यांचं कामही हलकं नाही. कूस बदलणं, अंघोळ, भरवणं, शी-शू, चालायला आधार देणं हे नीट करणारी बाई सोन्याची. तिला 'सिस्टर' म्हणून इंजेक्शन द्यायला लावता तिथे घोटाळा होतो. सलाइन लावणं, शिरेतून औषध, कॅथेटर घालणं, घशातलं सक्शन, खोल बेडसोरचं ड्रेसिंग यातलं काही पेशंटला लागत असेल तर नोंदणी असलेलीच हवी. नंबर मागा. "सर्टिफिकेट गावी आहे" म्हणाली तर समजून जा.

आणि इन्सुलिनच्या सुया ओल्या कचऱ्यात टाकू नका हो. कचरा वेचणाऱ्या बायकांचे हात बघितलेत मी.

मोगरा_कळी । ४ ऑगस्ट, रात्री १०.०२

वॉर्ड_नंबर_७ ताई, काय बोलू. हे सगळं मला मे महिन्यात कुणी सांगितलं असतं तर! खूण आत्ताच करून घेतली, चिकटपट्टी लावून.

मोरपीस, आई आता स्थिर आहे.

गोदाकाठ । ५ ऑगस्ट, सकाळी ९.१०

मी हा धंदा करतो. नाशिकला, ११ वर्षं. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय.

मोगरा_कळी यांच्याबाबत झालं ते चूकच. नळीचा पेशंट आहे हे ब्यूरोला माहीत असताना नवी मुलगी पाठवली असेल तर त्याला माफी नाही. पण थोडी दुसरी बाजू ऐका.

नोंदणी असलेली जीएनएम मुलगी आमच्याकडे १२ तासांना हजार-बाराशेच्या खाली येत नाही, आणि यावं तरी का? २४ तासांचा हिशोब केला तर महिना साठ-सत्तर हजार. फोनवर दहापैकी नऊ लोक विचारतात, "सिस्टर केवढ्याला?" खरा आकडा सांगितला की फोन ठेवतात. मग दुसरा ब्यूरो २४ हजारांत 'सिस्टर' देतो. तो खोटं बोलतो हे खरं, पण ते खोटं ऐकायला लोक तयार असतात. मी 'मावशी मिळेल, नर्स नाही' असं सांगून कितीतरी गिऱ्हाइकं घालवलीत.

परवाना आला तर मला हवाच आहे. आज मी आठ दिवस शिकवतो, आरोग्य क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचा होम हेल्थ एडचा, म्हणजे घरी पेशंट सांभाळणाऱ्या मदतनीसाचा, अभ्यासक्रम केलेल्या मुली शोधतो, पोलिस पडताळणी करतो. ते सगळं खर्चाचं. शेजारचा यातलं काही करत नाही आणि दर माझ्यापेक्षा कमी ठेवतो. तो अभ्यासक्रम केलाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. ऐच्छिक गोष्टीला बाजारात किंमत नसते.

आणि घरोघरचे प्रकार सांगू का? पेशंट सांभाळायला पाठवलेल्या बाईला पोळ्या लाटायला लावतात. रात्री पाच वेळा उठणाऱ्या पेशंटजवळ एकच बाई २४ तास, महिनाभर, सुट्टी नाही. तिने झोपायचं कधी? मी बदली पाठवायला गेलो तर "नवीन नको, हीच राहू द्या". आणि तिसऱ्या महिन्यात तिलाच परस्पर ठेवून घेतात.

पटलं_तर_घ्या । ५ ऑगस्ट, सकाळी ९.५५

परस्पर ठेवतात कारण तुमचं कमिशन. २४ हजारांतले बाईच्या हातात किती पडतात ते पण लिहा की.

गोदाकाठ । ५ ऑगस्ट, सकाळी १०.२०

माझ्याकडे १८. बाकीच्यांचं मला माहीत आहे पण लिहीत नाही.

साताऱ्याची_सून । ५ ऑगस्ट, दुपारी १.३०

मी लिहिते. माझी चुलत सासू पुण्यात हे काम करती. २४ मधले तिला १४ मिळायचे. पहिल्या महिन्याचा पगार ब्यूरोने ठेवून घेतला, 'सोडून जाऊ नये म्हणून'. आधार कार्डाची झेरॉक्स नाही, मूळ कार्ड ठेवून घेतलं होतं. भावाच्या लेकीच्या लग्नाला जायला कार्ड मागितलं तर म्हणले आधी बदली दे.

एका घरी पेशंट आजीबाई देवमाणूस. पण आजीचा मुलगा रात्री पाणी प्यायच्या निमित्ताने खोलीत यायचा. ब्यूरोला सांगितलं तर म्हणले, "मावशी, घर चांगलं आहे, ॲडजस्ट करा." तिचं वय ५२ हो.

तुम्ही सगळे पेशंटला काय झालं तर कुठे जायचं ते विचारताय, विचाराच. पण बाईला काय झालं तर ती कुठे जाणार तेही धाग्यात येऊ द्या.

कलम_दर_कलम । ५ ऑगस्ट, संध्याकाळी ६.१०

साताऱ्याची_सून, तुमच्या सासूबाईंना सांगा की लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यात घर हेही कामाचं ठिकाण धरलंय. घरकामगार बाईच्या व्याख्येत 'थेट किंवा एजन्सीमार्फत' असे शब्द आहेत. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. एकटीने जायची गरज नाही. मूळ आधार कार्ड अडकवून ठेवायचा अधिकार कुणालाही नाही, लेखी मागा आणि पोलिस ठाण्यात अर्जाची पोच घ्या.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. पण तो कल्याणाचा, म्हणजे नोंद केलेल्या बाईला लाभ देण्याचा. ब्यूरोवर देखरेख त्यात नाही. इतर राज्यांनी एजन्सीवर लगाम घालायचा प्रयत्न केलाय. छत्तीसगडचा २०१३ चा प्लेसमेंट एजन्सी कायदा आहे, दिल्लीचा २०१४ चा आदेश आहे. छत्तीसगडने का केला, तर तिथल्या आदिवासी मुली एजंटांनी दिल्लीला नेल्या आणि त्यांचा पत्ता लागेना. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जानेवारीत, सर्वोच्च न्यायालयासमोर आलेलं प्रकरण त्याच भागातल्या एका बाईचं होतं. एजन्सीमार्फत कामाला लागलेली, घरात कोंडून ठेवलेली. त्या निकालात न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदा हवा का याचा विचार करायला केंद्राला समिती नेमायला सांगितलं.

म्हणजे आपली मावशी दोन टेबलांच्या मध्ये पडते. आरोग्य खातं म्हणतं ती घरकामगार, कामगार खातं म्हणतं हे काम आजारपणातलं.

एडिसनकर । ६ ऑगस्ट, पहाटे ४.३०

न्यू जर्सीहून. सासूबाईंच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर इथला कारभार जवळून बघितला.

इथे मेडिकेअरचे, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठी असलेल्या सरकारी आरोग्य विम्याचे, पैसे घेणाऱ्या होम हेल्थ एजन्सीला इथल्या केंद्र सरकारचे नियम लागू. एडला कमीत कमी ७५ तासांचं शिक्षण, त्यातले १६ तास देखरेखीखाली प्रत्यक्ष, पुढे दरवर्षी १२ तास उजळणी. आमच्या राज्यात ७६ तास आणि वर नर्सिंग बोर्डाचं सर्टिफिकेट. तिचं नाव संकेतस्थळावर टाकलं की लायसन्स चालू आहे का ते दिसतं. नर्स मध्येच येऊन एडचं काम बघून जाते. एजन्सीची तपासणी निदान ३६ महिन्यांतून एकदा, पूर्वसूचना न देता. आल्या दिवशी नर्सने दीड तास नुसते प्रश्न विचारले. घरात पायऱ्या किती, गालिचा सरकतो का, औषधं कोण देतं.

आता उलटी बाजू. मेडिकेअर हे सगळं देतं ते थोड्या आठवड्यांपुरतं आणि तासा-दोन तासांच्या भेटीपुरतं. चोवीस तास माणूस हवं तर पदरचे पैसे, आणि ते इतके की आमच्या ओळखीतली बरीच देशी कुटुंबं मंदिरात चौकशी करून एखादी गुजराती किंवा मराठी बाई रोखीने घरी ठेवतात. तिला ना सर्टिफिकेट ना विमा. एवढ्या नियमांच्या देशातही शेवटी मावशीच.

आणि नियम असून लबाडी थांबते असंही नाही. मायामी आणि शिकागो भागात मेडिकेअरची इतकी लूट झाली की २०१३ मध्ये तिथे नव्या एजन्सींची नोंदणीच थांबवली. बंदी पुढे आणखी शहरांत वाढवली आणि २०१९ मध्ये उठवली.

पटलं_तर_घ्या । ६ ऑगस्ट, सकाळी ८.४०

घ्या. मी हेच म्हणत होतो.

लेस्टरची_माई । ६ ऑगस्ट, दुपारी २.१५

अहो पटलं_तर_घ्या, थांबा जरा.

मी इंग्लंडमध्ये सहा वर्षं घरोघरी जाऊन हेच काम केलंय. अंघोळ घालणं, कपडे बदलणं, भरवणं याला इथे कायद्यात 'पर्सनल केअर' म्हणतात, आणि ते पुरवणाऱ्या एजन्सीला केअर क्वालिटी कमिशनकडे (अशा सेवांची तपासणी करणारी सरकारी संस्था) नोंदणी केल्याशिवाय काम करता येत नाही, गुन्हा होतो. माझी पोलिस नोंद तपासली, मग शिक्षण, मग जुन्या बाईच्या मागे मागे फिरणं, आणि तेव्हा कुठे एकटीला सोडलं. प्रत्येक घरात एक वही. मी किती वाजता आले, काय खाऊ घातलं, कातडी कुठे लाल दिसली ते सगळं लिहायचं. मुलगी शनिवारी आली की वही वाचायची. हे आपल्याकडे आजपासून करायला कुठला कायदा लागतो?

कमिशनही देवाचं नाही. २०२४ मध्ये त्याच्या कारभाराची चौकशी झाली तेव्हा पाचातल्या जवळजवळ एका ठिकाणाला कधीच मानांकन मिळालं नव्हतं असं निघालं. आरोग्यमंत्र्यांनीच जाहीर सांगितलं की ही संस्था कामाला लायक राहिलेली नाही. पण बघा, बोंब कुणाच्या नावाने मारायची ते लोकांना ठाऊक होतं! मोगरा_कळी दोन ऑफिसं हिंडली आणि दोन्हीकडे "आमच्याकडे नाही" ऐकून आली. माझ्या मते हा फरक लहान नाही.

पटलं_तर_घ्या । ६ ऑगस्ट, दुपारी २.५०

हे पटलं. (आयडी बदलावा लागेल.)

माझा मुद्दा इतकाच की परवान्यापेक्षा जबाबदारी महत्त्वाची. ब्यूरो पैसे घेतो ना? मग "आम्ही फक्त माणूस पुरवतो" हे त्याला म्हणता येऊ नये. एवढं एक वाक्य कायद्यात घाला, बाकी इन्स्पेक्टर नकोत.

कलम_दर_कलम । ६ ऑगस्ट, रात्री ९.००

ते वाक्य म्हणून पळता येत नाहीच, निदान ग्राहक आयोगात. वैद्यकीय सेवा ही ग्राहक कायद्यातली 'सेवा' आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता प्रकरणात सांगितलं. पैसे घेऊन माणूस पुरवणं ही तर साधी सेवा, आणि 'सिस्टर' सांगून दुकानातली मुलगी पाठवणं ही सरळ अनुचित व्यापारी प्रथा. २०१९ च्या कायद्याप्रमाणे मुदत घटनेपासून दोन वर्षं. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, ब्यूरोच्या मागे जायला नको. आधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर नोंदवून बघा, कधीकधी तेवढ्यानेच मालकांना माणुसकी आठवते.

पण पुरावा हवा. पावती आहे का? त्यावर 'नर्सिंग' लिहिलंय का? व्हॉट्सॲपवर 'सिस्टर' असा शब्द आहे का? डिस्चार्ज कार्डावर फुप्फुसाचं निदान आहे का? रोख देऊन पावती घेतली नसेल तर अवघड.

राहिला प्रश्न परवान्याचा. तो एकदा अगदी दारापर्यंत आला होता हे फार थोड्यांना माहीत आहे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक ११ डिसेंबर २०१९ ला लोकसभेत मांडलं गेलं. बातम्यांत आलं ते एवढंच की पोटगीची १० हजारांची मर्यादा जाणार आणि सुनेला-जावयालाही जबाबदार धरणार. त्याच विधेयकात वृद्धाश्रमांबरोबर ज्येष्ठांना घरी सेवा देणाऱ्या एजन्सींच्याही नोंदणीची तरतूद होती. विधेयक स्थायी समितीकडे गेलं, २०२१ च्या जानेवारीत अहवाल आला आणि पुढे ते तसंच पडून राहिलं. २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली, विधेयक आपोआप बाद.

साडेचार वर्षं पडून होतं. कुणी विरोध केला म्हणून अडलं असं नाही, कुणी मागितलंच नाही.

वॉर्ड_नंबर_७ । ६ ऑगस्ट, रात्री ९.४५

मागणार कोण? पेशंट बोलू शकत नाही, बाईला सुट्टी नाही, आणि घरच्यांचं ते सहा महिने संपले की त्यांना त्या दिवसांची आठवणही नको असते.

उगाच_एक । ६ ऑगस्ट, रात्री १०.१०

अवांतर: सुनेची बातमी आमच्याकडे पण तेव्हा जोरात वाचली गेली होती. आईने कात्रण काढून फ्रिजवर लावलं होतं. एजन्सीचा परिच्छेद कात्रणात नव्हता.

मोगरा_कळी । ६ ऑगस्ट, रात्री ११.३०

कलम_दर_कलम, पावती आहे! मला वाटलं नव्हतं त्याचा उपयोग होईल. मे आणि जूनच्या दोन्ही पावत्यांवर 'नर्सिंग चार्जेस' असं छापलंय.

लेस्टरच्या माई, वही आजच आणली. मुलाची जुनी शंभरपानी होती.

आणि एक कबुली. ती मुलगी अजून आमच्याकडेच आहे. ब्यूरो तिला बदलून दुसरी 'सिस्टर' पाठवायला तयार होता, मीच नको म्हटलं. दुसरी कुठल्या दुकानातून आली असेल कोण जाणे. वॉर्डमधल्या सिस्टरकडून आम्ही दोघींनी मिळून शिकून घेतलं. ती आता पेज देताना मलाच उशी नीट लावायला सांगते.

गोदाकाठ । ७ ऑगस्ट, सकाळी ८.२०

तिला कौशल्य परिषदेच्या अभ्यासक्रमाला घाला, ताई. शिकायची तयारी दिसतेय. कुठे चालतो ते मी निरोपात कळवतो.

साताऱ्याची_सून । ७ ऑगस्ट, सकाळी ९.००

आणि तिला आठवड्याची सुट्टी द्या. धाग्यावर सांगून ठेवते म्हणजे विसरणार नाही तुम्ही.

मोगरा_कळी । ७ ऑगस्ट, सकाळी ९.१२

रविवार ठरला. नवरा वही लिहिणार आहे.

मोरपीस । १९ ऑगस्ट, संध्याकाळी ७.४०

पुढे काय झालं? ब्यूरो काही म्हणाला का?

मोगरा_कळी । १९ ऑगस्ट, रात्री ११.०५

१९१५ वर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. ब्यूरोला मुलीचा कौन्सिलचा नोंदणी नंबर लेखी मागितला. तीन दिवस फोन उचलला नाही. मग ऑफिसातल्या मुलाचा फोन आला, "सर बाहेरगावी आहेत, पण तुमचं काम केलंय."

आज ऑगस्टचं बिल आलं. 'नर्सिंग चार्जेस' खोडून त्यावर पेनने 'केअरटेकर चार्जेस' लिहिलंय. रक्कम तीच, २४ हजार.

कलम_दर_कलम । १९ ऑगस्ट, रात्री ११.१८

हे बिल फाडू नका. मे, जूनच्या पावत्यांबरोबर एकाच फायलीत ठेवा आणि तिन्हीचे फोटो मला पाठवा.